गरम असताना

वेइयोने करवत बाकावर ठेवली
आणि बुटाकडे बोट दाखवलं:
डाव्या बुटाच्या नाकावर चीर,
आत लोखंडी टोपी होती म्हणून अंगठा शाबूत.

"सकाळी एका झटक्यात लागते," तो म्हणाला,
"कॉफी पिऊन परत आलो की मेली.
दोरी ओढून ओढून खांदा निखळतो.
वादळात आडवी झालेली स्प्रूस अजून दोन हेक्टर पडून आहेत.
म्हणून हल्ली मी बंदच करत नाही."

आणि बंद पडू नये म्हणून
उरलासुरला एकुलता स्क्रू त्याने पिळला होता,
पाऊण फेरा, अंदाजाने.
आता हात सोडला तरी साखळी रांगत राहते,
झोपेत पाय हलवणाऱ्या कुत्र्यासारखी.

माझ्या बापाच्या काळी तीन स्क्रू असायचे.
तो कान लावायचा, जीभ दातांत धरून
केसभर इकडे, केसभर तिकडे,
आणि इंजिन सुरात यायचं.
आता कार्बुरेटरला स्वतःची अक्कल आहे.
हवा, धग, पेट्रोल, सगळं तो मोजतो,
चूक आपली आपण सावरून घेतो
आणि म्हणूनच
चूक कुठे आहे ते कोणाला सांगत नाही.

मी नेहमीचंच विचारते.
गरम असताना चोक ओढतोस? ओढतो.
नको ओढूस.
उन्हात ठेवतोस? खोडावर, हो.
टाकीचं झाकण गरम असताना उघडलंस कधी?
तो गप्प. उजवी भुवई अर्धीच दिसते.
पेट्रोल कधीचं?
ईस्टरचं.

प्लग काढला: कोरडा, फिकट, चुन्यासारखा.
म्हणजे उपाशी आहे,
कुठून तरी फुकटची हवा पिते आहे.
गाळणी बदलली, टाकीचा श्वास मोकळा केला,
जाळीवरची काजळी खरवडली.
इंजिनाची तोंडं बांधून पंपाने हवा भरली,
साबणाचं पाणी सोडलं.
काटा जागचा हलला नाही. एक बुडबुडा नाही.
थंड असताना ती सज्जन, आमच्या गावातल्या सगळ्यांसारखी.

मग वर जाऊन इल्माचं केस वाळवायचं यंत्र आणलं.
पोरगी ओरडली. ओरडू दे.
सिलिंडर आणि कार्बुरेटरच्या मधल्या रबरी नळीवर
चार मिनिटं गरम वारा धरला,

आणि तिथे, खालच्या घडीत,
जिथे बोट पोचत नाही, आरसा धरावा लागतो,
एक बुडबुडा.
मोहरीएवढा.
मग दुसरा.

थंडीत मिटते, तापली की उघडते, अशी भेग.
नवी नळी एकोणीस युरो.

स्क्रू पाऊण फेरा मागे.
अंगणात बर्चचा जाड ओंडका, पूर्ण वेग,
कापत राहा, थांबू नकोस, ती शिकते आहे.
जुनी सवय विसरायला तिला पाच-सहा काप लागतात.

मग म्हटलं, बंद कर.
त्याचा अंगठा बटणावर थबकला.
कर बंद.

खरी परीक्षा बंद केल्यावर असते.
पंखा थांबतो, सिलिंडरची धग पसरू लागते,
पेट्रोल नळीतल्या नळीत उकळतं.
सगळ्यात वाईट वेळ दहा ते पंधरा मिनिटांची.
आम्ही पायरीवर बसलो. डास होते.
रात्रीचे साडेनऊ, आणि तळ्यावर अजून ऊन.

सातव्या मिनिटाला तो म्हणाला,
"घरी रेडिओसुद्धा बंद करत नाही मी.
लेम्पी गेल्यापासून."
मी घड्याळाकडे बघत राहिले.

बाराव्याला उठलो.
पहिल्या ओढीला नुसती खाकरली,
दुसरीला लागली.
त्याने हात सोडला. मी वाकून पाहिलं:
साखळी जागच्या जागी,
इंजिन हळू, एकसारखं, स्वतःशीच बोलत.

तो ऐकत उभा राहिला बराच वेळ.
मग आपणहून बटण दाबलं
आणि परत पायरीवर येऊन बसला.

"ईस्टरचं पेट्रोल," मी म्हटलं,
"ते मात्र इथेच ठेवून जा."